डोंगराची ओटी

आई गेल्यानंतर मी देवाला हात जोडणं सोडून दिलं होतं. बायको सकाळी पूजा करायची आणि मी तिच्या पाठीमागून बूट घालून कामाला निघून जायचो. कुणी विचारलं तर देवाशी भांडण आहे असं मी सांगायचो. खरं भांडण माझ्या थोरल्या भावाशी, दादाशी होतं. तो नाशिकला, मी टेक्सासमध्ये फ्रिस्कोला. इतक्या लांबून त्याच्यावर काढता येत नव्हता तेवढा राग मी जवळच्या देवावर काढत होतो.

आमच्या भागातली बहुतेक मराठी मंडळी पुण्यानागपूरहून आयटीत आलेली. मी मात्र इथे आलो तो एका नातेवाइकाच्या गोदामात ग्रॅनाइटचे दगड उचलायला. आता त्याच धंद्यात माझं स्वतःचं दुकान आहे. लोकांच्या स्वयंपाकघरात बसणारे दगड विकतो. कुणी हात धरून वर आणलं नाही, त्यामुळे प्रत्येक गोष्ट ओढून, घासाघीस करून मिळवायची सवय लागली. गिऱ्हाईक उठून दारापर्यंत गेलं तरी मी हसत बसून राहतो, कारण ते परत येणार हे मला ठाऊक असतं. आणि समोरच्याने शब्द फिरवला की माझं डोकं फिरतं. दुकानातल्या पोरांनी माझ्या आवाजावरून हवामान ओळखायला शिकून घेतलंय.

दादाने शब्द फिरवला होता, असं माझं म्हणणं होतं. आईने नाशिकच्या हॉस्पिटलात प्राण सोडला तेव्हा मी डॅलसच्या विमानतळावर रांगेत उभा होतो. फोनवर मी ओरडून सांगितलं, ''मी येईपर्यंत थांब.'' तो ''बरं'' म्हणाला. अमेरिकेतल्या मुलासाठी थांबतात. आमच्या ओळखीत सगळेच थांबलेत. बर्फाच्या लाद्या आणतात, त्यावर ठेवतात, मुलगा येतो, तोंड पाहतो, मग नेतात. मी मुंबईला उतरून फोन सुरू केला तर त्याचा निरोप आलेला होता, की सगळं आटोपलं. आईचा चेहरा मला पाहायला मिळाला नाही. विधींना मी त्याच्या शेजारी बसलो, तेराव्याचं जेवलो आणि त्याच्याशी एक शब्द न बोलता परत आलो. पुढची काही वर्षं तशीच गेली. त्याचे फोन आले की मी वाजू द्यायचो.

मग या उन्हाळ्यात वहिनीचा फोन आला. तिचा फोन मी कधीच टाळला नव्हता. ती म्हणाली, ''भाऊजी, आम्ही ओंकारकडे सिएटलला आलोय. आईंचा नवस राहिलाय. तुम्ही यायलाच हवं, त्यात तुमचं नाव आहे.''

ओंकार हा दादाचा मुलगा. त्याची मुलगी दिवस भरायच्या बऱ्याच आधी जन्मली आणि कितीतरी दिवस काचेच्या पेटीत होती. आई तेव्हा त्याच्याकडेच होती. ओंकारच्या घराच्या मागच्या गॅलरीतून स्वच्छ हवेच्या दिवशी माउंट रेनियर दिसतो. आजूबाजूला त्याच्या तोडीचं काहीच नाही, एकटाच आभाळात उभा असलेला, भर उन्हाळ्यातही पांढरा. आमची कुलदेवता सप्तशृंगी, गडावर राहणारी. आईने पहिल्या दिवशी तो डोंगर पाहिला आणि म्हणाली, ''ही पण गडावरचीच दिसतेय. थोरली असेल.'' मग रोज सकाळी डोंगर दिसला की हात जोडायची, दिसला नाही तर म्हणायची, ''आज दार उघडलं नाही बाईनं.'' बाळासाठी तिने त्याच डोंगराला नवस बोलला: पोर सुखरूप घरी आली की माझ्या दोन्ही मुलांना घेऊन येईन आणि तुझ्या बर्फावर तुझी ओटी भरीन. पोर घरी आली. आई नाशिकला परतली, तिथे इरकली साडी आणि खण आणून ठेवला, आणि पुढच्या उन्हाळ्याआधीच गेली.

आईचा नवस, त्यात माझं नाव. यात घासाघीस करायला जागाच नव्हती. मी तिकीट काढलं, पण वहिनीला सांगून ठेवलं, की येईन, ओटी भरीन, दादाशी बोलायचं मात्र माझ्यावर बंधन नाही.

ओंकारची त्या आठवड्यात ऑन-कॉल ड्यूटी होती, त्यामुळे भाड्याची गाडी मीच चालवत होतो. दादा मागे बसला, वहिनी पुढे माझ्या शेजारी. दोन अडीच तासांच्या त्या रस्त्यात आम्ही दोघं भाऊ वहिनीच्या मार्फत बोललो.

''याला सांग, एसी जरा कमी कर.''

''वहिनी, त्यांना सांगा, स्वेटर घाला.''

''मी काय पोस्टमन आहे का?'' वहिनी म्हणाली. ''दोघांचे केस पांढरे झाले. शोभतं का?''

दादा भूगोलाचा मास्तर होता, निवृत्त झालाय. तरुणपणी नाशिकभोवतीचा एक किल्ला त्याने सोडला नाही, आणि जगातल्या डोंगरांवर कोण कधी चढलं हे त्याला घरच्या माणसांच्या वाढदिवसांसारखं पाठ. वहिनीच्या नावाने तो मलाच सांगत होता. इथले मूळ रहिवासी या डोंगराला ताहोमा म्हणायचे. त्याच्या कुशीत शिकार करायचे, बेरी गोळा करायचे, पण माथ्याची वाट त्यांना नको वाटायची. दीडशे वर्षांपूर्वी दोन गोरी माणसं माथा गाठायचा म्हणून आली. त्यांच्या वाटाड्याने पायथ्याशी परोपरीने विनवलं, की जाऊ नका, वर गेलेला परत येत नाही. ते ऐकेनात, तेव्हा तो खाली थांबला. ते दोघं संध्याकाळी माथ्यावर पोचले, परतायला उजेड उरला नव्हता, वारा असा की उभं राहवेना. मरणार हे नक्की होतं. पण हा डोंगर आतून जिवंत ज्वालामुखी. माथ्यावरच्या विवराच्या कडेला गरम वाफेने बर्फात गुहा कोरल्या गेल्यात. तशा एका गुहेत त्यांनी रात्र काढली. एक कूस भाजतेय, दुसरी गोठतेय, अशी. खाली उतरले तेव्हा वाटाड्याला आधी ती भुतंच वाटली.

''आणि त्यानंतर वीस वर्षांनी,'' दादा म्हणाला, ''एक बाई चढली. पहिली बाई. शाळामास्तरीण होती. तिनेही रात्र माथ्यावरच काढली. लोकांनी नावं ठेवली ती कशाला, तर तिच्या पायघोळ नसलेल्या कपड्यांना.''

''मास्तरीण म्हटल्यावर कौतुक,'' वहिनी म्हणाली. मी आरशात पाहिलं तर दादा हसत होता. मी नजर रस्त्यावर आणली.

गाडी जिथे थांबते त्या जागेचं नावच पॅराडाइज आहे. फुलांची कुरणं, मोठं लाकडी हॉटेल, व्हिजिटर सेंटर आणि डोक्यावर तो डोंगर, इतका जवळ की मान दुखावी. खबरदारी म्हणून मी तिथल्या नॅशनल पार्कच्या रेंजरला विचारलं, की वर बर्फावर पूजेचं थोडं सामान ठेवलं तर चालेल का. हॅट घातलेली तरुण मुलगी होती. ती गोड हसून म्हणाली, की वर काहीही ठेवता येणार नाही. मी म्हटलं, नारळ? नारळ तर झाडाचंच फळ. ती म्हणाली, नाही. तांदूळ? पक्षी खातील. ती म्हणाली, तांदूळ तर अजिबातच नाही. मी म्हटलं, बरं, कुंकू, चिमूटभर, चिमटीत मावेल एवढं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. आयुष्यात इतके सौदे केले, पण तिच्यासमोर माझी डाळ शिजली नाही. मागे वळलो तर दादा तोंडावर रुमाल धरून खांदे हलवत होता.

शेवटी वहिनीने तोडगा काढला. बर्फावर ओटी मांडायची, नमस्कार करायचा, आणि सगळं उचलून प्रसाद म्हणून परत आणायचं. तिचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती खालीच थांबणार होती. तिने साडी, खण, नारळ, तांदळाची पुडी आणि हळदकुंकवाची डबी माझ्या पाठपिशवीत नीट बसवली. म्हणाली, ''भाऊजी, जिथे पहिलं बर्फ लागेल तिथे ठेवा आणि या. दुपारी ढग येतात म्हणून ओंकारने चारदा सांगितलंय.''

पहिलं बर्फ कुरणं संपताच लागलं. दादा थांबला, पिशवीकडे हात केला. मी थांबलो नाही. दहा हजार फुटांवर गिर्यारोहकांची जुनी छावणी आहे, दगडी झोपड्या आहेत. तिथवर दोर न लावता पायी जाता येतं. मला तिथे जायचं होतं. आईचं काम अर्ध्या वाटेवर उरकायचं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर दादाला दाखवायचं होतं, की आईच्या बाबतीत घाई कुणी केली आणि कोण शेवटपर्यंत गेलं.

वर तो पांढरा उतार संपतच नाही. झोपड्या दिसतात, तासभर चाललं तरी तेवढ्याच लांब राहतात. पाय घसरू नये म्हणून बुटांना आम्ही ओंकारने दिलेले साखळीचे काटे लावले होते. हवा विरळ झाली तसा दादा दर थोड्या पावलांवर काठीवर ओणवा होऊन थांबू लागला. सकाळी वर माणसांची ये-जा होती. दुपार कलली तशी ती खाली उतरून गेली. उतरणारा प्रत्येक जण हात करून खालच्या ढगांकडे बोट दाखवत होता. ढग खरंच वर चढत होते.

''बस कर,'' दादा म्हणाला. सरळ मला. वहिनी नव्हती ना मध्ये. ''इथेच ठेवू ओटी. हेही तिचंच बर्फ आहे.''

''तुला सगळ्याचीच घाई,'' मी म्हटलं.

एवढंच बोलायचं होतं, पण तोंड उघडल्यावर ते मिटेना. इतकी वर्षं गाठ मारून ठेवलेलं सगळं मी त्या उतारावर बाहेर काढलं. तू थांबला नाहीस. एक दिवस थांबला नाहीस. मी तुझा कोण लागतो. दादा ऐकत उभा होता. आणि तो ऐकत असतानाच मला दिसेनासा झाला. ढग इतक्या झपाट्याने आला, की तो माझ्यापासून हातभर अंतरावर असूनही फक्त त्याच्या श्वासाचा आवाज उरला.

अशा ढगात काय होतं हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. खाली पांढरं, वर पांढरं, मध्ये पांढरं. उतार कुठल्या बाजूला आहे हेही पायांना कळत नाही. माझा फोन थंडीने केव्हाच बंद पडला होता, दादाचा वहिनीकडे होता. मी दादाचा दंड धरला आणि चालायला लागलो. खाली म्हणजे खाली, त्यात विचार काय करायचा! दादा म्हणत होता, ''थांब, ही बाजू नाही, थांब.'' मी ओरडत होतो, ''थांबायचं तू मला शिकवू नकोस!'' तो ओरडत होता, मी ओरडत होतो, आणि आम्ही चालत होतो.

तेवढ्यात ढगातून एका बाईचा आवाज आला. इंग्रजीत, जोरात, एकच शब्द: थांबा.

आम्ही थांबलो. आवाज पुन्हा आला, की हलू नका, बोलत राहा, मी येते. दादा म्हणाला, ''काय बोलू?'' मी म्हटलं, ''मला काय विचारतोस?'' तेवढं तिला पुरलं असावं. पांढऱ्यातून आधी एक लाल जाकीट आणि मग एक साठीची, उन्हाने चेहरा रापलेली बाई पुढे आली. हातात बर्फात रोवायची कुऱ्हाड होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य म्हणाली ते असं, की तुमच्या भांडणाबद्दल देवाचे आभार माना. ती वरच्या छावणीतून उतरत होती, ढग आल्यावर जागेवरच बसून राहिली होती. आमचं भांडण तिला बराच वेळ ऐकू येत होतं. भाषा कळत नव्हती, पण आवाज चुकीच्या बाजूला सरकत चाललाय हे कळत होतं. तिकडे उतार संपून हिमनदीच्या भेगा सुरू होतात.

माझ्या तोंडून लगेच निघालं, की आम्हाला खाली न्या, काय हवं ते देतो. ती म्हणाली, आत्ता कुणीच कुठे जात नाही. बसा. मी म्हटलं, माझ्या भावाला थंडी वाजतेय, जायलाच हवं. ती म्हणाली, बसा. मी म्हटलं, निदान थोडं तरी खाली. तिने पिशवी बर्फावर टाकली, वाऱ्याकडे पाठ केली आणि दादाला त्या पिशवीवर बसवलं. मग माझ्याकडे वर बघून, अगदी हळू आवाजात, पुन्हा म्हणाली, बसा.

मी बसलो.

तिच्याकडे थर्मासमध्ये गरम सूप होतं, ते तिने दादाला पाजलं. तिचं नाव मार्था. अधूनमधून ती शिट्टी वाजवायची, कुणी आणखी असेल तर कळावं म्हणून. नाहीतर शांतता. त्या शांततेत मी काय केलं ते लिहायला संकोच वाटतो. मी देवीशी सौदा करायला लागलो. इतक्या वर्षांत हात जोडले नव्हते, आणि आता मनातल्या मनात बोली लावत होतो: आम्हाला उतरव, गडावर येईन. बरं, अनवाणी येईन. बरं, दरवर्षी येईन. प्रत्येक वेळी थोडं वाढवत गेलो, जसं समोरचा गप्प बसला की आपण वाढवतो. पलीकडून काहीच येत नव्हतं. नकारही नाही. हळूहळू माझ्या लक्षात आलं, की टेबलावर ठेवायला माझ्याकडे काही उरलेलंच नाही. दुकान, नाव, जीभ, यातलं इथे काही चालत नव्हतं. मी बोली लावायचं थांबलो. ''तुला जे करायचं ते कर,'' एवढंच मनात आलं; तेही रागाने नाही, दमून. आणि त्या दमण्यात इतका विसावा होता, की मला रडू आलं.

शेजारी दादाचे दात वाजत होते. मी पाठपिशवी उघडली, साडी बाहेर काढली आणि त्याच्या डोक्याला, कानांना, गळ्याला गुंडाळायला लागलो.

''अरे, देवीची आहे ती,'' तो म्हणाला. ''अजून वाहिली नाही.''

''आईने आणलेली आहे. गप्प बस.''

मार्थाने आम्हाला अंग चिकटवून बसायला लावलं. मी माझं जाकीट उघडून त्याला आत घेतलं. लहानपणी तो मला असाच घोंगडीत घेऊन बसायचा. बर्फाचा गारठा पिशवीतून, पँटमधून, हाडात चढत होता. बराच वेळ गेला. मग साडीच्या आतून दादा बोलायला लागला, माझ्याकडे न बघता.

''लाद्या आणल्या होत्या रे.''

मी जाकिटाची कड त्याच्याभोवती ओढून घेतली.

''टेम्पो दारात उभा होता. मीच मागवल्या होत्या, तू म्हणालास म्हणून. तुझी वहिनी आईच्या पायाशी बसली होती, ती म्हणाली, आईंनी काय सांगितलं होतं ते आठवा. हॉस्पिटलात सांगितलं होतं तिने. आम्हा दोघांना. म्हणाली, धाकटा येईल तेव्हा येईल, पण त्याच्यासाठी मला बर्फावर ठेवू नका. मला गार पडायला भीती वाटते.''

आईला थंडी कधीच सोसायची नाही. नाशिकच्या हिवाळ्यात ती सकाळची उन्हं सरकतील तशी पाट सरकवत बसायची. हे मला माहीत होतं. अमेरिकेतल्या मुलांसाठी थांबतात हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच आईच्या आहेत, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

''मग सांगितलं का नाहीस?'' मी विचारलं. आवाज चढला नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

''फोन उचलायचास का तू?'' तो म्हणाला. आणि मग, ''पहिल्यांदा उचलला असतास तरी सांगितलं नसतं बहुतेक. भाऊ थांबला नाही, हे तुला सोसलं असतं. आई म्हणाली थांबू नका, हे ऐकवणार कसं तुला? त्यापेक्षा शिव्या खाल्लेल्या बऱ्या.''

त्याच्या कानावरून साडी सरकली होती, ती वर ओढली. तो बर्फावर बसलेला होता, मी बर्फावर बसलेलो होतो, आणि माझ्या सगळ्या अंगाला कळत होतं, की आईला यावर एक रात्रही ठेवायचं नव्हतं. दादाने जे केलं ते मीही केलं असतं. तिथे असतो तर मी टेम्पोवाल्याला हाकलून दिलं असतं.

किती वेळ झाला ठाऊक नाही. मार्था उठून उभी राहिली आणि म्हणाली, आता. आमच्या समोरचा ढग पातळ झाला, मध्ये खिडकीएवढं भोक पडलं, आणि त्यातून ऊन आलं. खाली कुरणं दिसली, हॉटेलचं छप्पर दिसलं. मागे वळून पाहिलं तर माथा लखलखत होता. आणि आमच्या पावलांची रांग सरळ कुठे चालली होती तेही दिसलं. थोडं पुढे बर्फावर निळ्या रेघा होत्या, रुंद, एकापुढे एक; मार्था म्हणाली होती त्याच भेगा. दादाने पाहिलं, मी पाहिलं.

निघण्याआधी मार्थाला विचारून तिथेच ओटी मांडली. नारळ, खण, तांदळाची पुडी, आणि दादाच्या डोक्यावरून काढलेली, चुरगळलेली साडी. दोघांनी बर्फावर डोकं टेकलं. मग रेंजरबाईंच्या आज्ञेप्रमाणे सगळं उचललं. मार्था टोपी काढून बाजूला उभी होती. उतरताना तिने विचारलं, हे काय होतं. दादाने मास्तरी इंग्रजीत समजावून सांगितलं, की आमच्याकडे देवीला आणि घरी आलेल्या बाईला असं पदरात घालून मान देतात. ती म्हणाली, तिला दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं करून घ्यायची आहेत, आणि त्याआधी एकदा वरच्या झोपड्यांत राहून यायचं होतं. पूर्वी ती माथ्यावर गेली आहे. यंदा तिथवरच जमलं.

खाली वहिनी बाकावरून उठून चालत येत होती, दुखऱ्या गुडघ्यांनी, जवळजवळ पळत. तिने आधी नवऱ्याचा चेहरा चाचपला, मग माझा. ''दोघंही रडलेले दिसताय,'' म्हणाली. ''चांगलं झालं.'' मग सगळी हकीकत ऐकली आणि माझ्या हातातून पिशवी घेतली.

''वहिनी, साडी मी याच्या डोक्याला गुंडाळली होती,'' मी म्हटलं. ''आता वाहिलेली धरायची की नाही?''

ती मार्थासमोर जाऊन उभी राहिली आणि खुणेने तिला जाकिटाची कड पुढे धरायला सांगितली. तिला नवरा आहे की नाही, ती कुठल्या धर्माची, काही विचारलं नाही. कपाळाला हळदकुंकू लावलं. जाकिटाच्या ओच्यात खण घातला, नारळ ठेवला, तांदूळ सोडले, वर साडी ठेवली आणि वाकून नमस्कार केला. मार्था तशीच उभी, ओंजळ धरल्यासारखं जाकीट धरून, काय करावं ते न कळून. मग म्हणाली, नारळाचं काय करायचं असतं? मी म्हटलं, फोडायचा आणि सगळ्यांना वाटायचा. घरी नेऊन हातोडीने फोडा, पण इथे नको, ती हॅटवाली मुलगी बघतेय. मार्था मोठ्याने हसली. तिची जुनी निळी गाडी वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत आम्ही तिघं उभे होतो.

हा सगळा योगायोग असेल. ढग येतात आणि जातात, आणि त्या वाटेवर अनुभवी माणसं रोज असतात. मला वाद घालायचा नाही. ज्याचं आयुष्य वाद घालण्यात गेलं त्याने हे लिहिलंय. मला एवढंच दिसतं, की जी जीभ माझ्या बायकोला, नोकरांना, भावाला नकोशी झाली होती, तिच्याच आवाजावरून ती बाई आमच्यापर्यंत पोचली. ज्या रागाची मला लाज वाटायला हवी होती, तोही देवीने वाया जाऊ दिला नाही. शरण जाणं म्हणजे काहीतरी मोठं सोडणं, असं मी समजत होतो. त्या बर्फावर मी काही सोडलं नाही. माझ्याकडचं संपलं, आणि संपल्यावर कळलं की मागणारं कुणी नव्हतंच. कुणीतरी बस म्हणत होतं, इतकंच.

दादावरचा राग पुरता गेला असं मी लिहिणार नाही. त्याने सांगायला हवं होतं, हे अजूनही मला वाटतं, आणि मी ते त्याला ऐकवतो. पण आता फोनवर ऐकवतो. परवा नाशिकला पोचल्याबरोबर त्याने फोन केला होता. मी दुकानात एका गिऱ्हाइकासमोर बसलो होतो. ते उठायच्या बेतात होतं, सौदा मोडायला आला होता. मी हात करून त्याला थांबायला सांगितलं आणि फोन उचलला.

''पोचलो रे,'' दादा म्हणाला. ''इथे पाऊस आहे. तू जेवलास का?''

''नाही अजून,'' मी म्हटलं. ''बोल ना. वेळ आहे मला.''